पॅन कार्ड लागतं कुणाला, आणि राहतं कुणाच्या खिशात?



२८ फेब्रुवारी २०१७पर्यंत पॅन नंबर दिला नाही तर बँकेतलं खातं बंद होणार, अशी हवा पाड्यापाड्यावर पसरली होती. बाया मजुरी बुडवून बँकेच्या दारात रांग लावत होत्या, आणि आतला साहेब मान वर न करता सांगत होता, "पॅन आणा, मग बघू." बाहेर टपरीवर फॉर्म भरून देणारा बसलेलाच होता. त्याचा धंदा तेजीत. अर्धा पाडा तर या दिवसांत घरी नाहीच. वीटभट्टीवर आहे, गवत कापायला गेलाय, शहरात बांधकामावर आहे. ही माणसं परत येणार शिमग्याला, आणि सरकारची तारीख शिमग्याच्या आधीची. तारीख ठरवणाऱ्याला हे ठाऊक नसणार, कारण त्याचं पोट भट्टीवर नाही.

म्हणून या अंकाची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी हा अंक पाड्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवावा.

पहिली गोष्ट, सरकारचा हुकूम नेमका काय आहे. आयकर खात्यानं ६ जानेवारी २०१७ला नियम काढला. त्यात बँकांना सांगितलं, की ज्या खात्यांना पॅन जोडलेलं नाही त्यांच्याकडून २८ फेब्रुवारीपर्यंत पॅन किंवा फॉर्म नंबर ६० घ्या. 'किंवा' हा शब्द नीट ऐका. पॅन किंवा फॉर्म ६०. बँकवाले पहिला शब्द वाचतात आणि तिथंच थांबतात. फॉर्म ६० म्हणजे "माझ्याकडे पॅन नाही, माझं उत्पन्न इतकं इतकं आहे" असं लिहून दिलेला कागद. तो फुकट असतो. तो बँकेनं द्यायचा असतो, आणि भरून दिला की घ्यायचा असतो. 'आमच्याकडे तो चालत नाही' असं म्हणायचा अधिकार कुठल्या शाखेला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. याच नियमात लिहिलंय, की बेसिक बचत खात्यांना हे लागू नाही. बेसिक खातं म्हणजे शून्य रकमेवर उघडलेलं साधं बचत खातं. जनधनचं खातं याच जातीचं. आपल्यातल्या पुष्कळांची खाती जनधनची आहेत, रोजगार हमीची मजुरी त्यातच येते. म्हणजे ज्या बाईला दोन दिवस रांगेत उभी केली, तिला मुळात पॅनही द्यायचं नव्हतं आणि फॉर्म ६०ही नाही. खातं कुठल्या प्रकारचं आहे ते पासबुकावर बघा, तिथं कळलं नाही तर बँकेला विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका, पासबुकावर लिहून मागा.

१५ डिसेंबर २०१६ला रिझर्व्ह बँकेनं आणखी एक पत्र काढलं होतं. पॅन किंवा फॉर्म ६० नसेल तर पैसे काढू देऊ नका असं त्यात आहे, पण ते मोठ्या खात्यांसाठी. शिल्लक मोठी, किंवा नोटबंदीनंतर मोठी रक्कम भरलेली. आपल्यात अशी खाती किती? ज्यांना भूसंपादनाचे पैसे आलेत त्यांची असतील. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय. बाकीच्यांची मजुरी या पत्राच्या नावानं अडवली असेल तर तो अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लेखी तक्रार करायची. बँकेच्या व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज, एक प्रत आपल्याकडे, आणि त्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का. शिक्का मारायला नकार दिला तर पोस्टानं पाठवायचा.

आता पॅन म्हणजे काय ते. इन्कमटॅक्स खातं माणसाला जो कायमचा नंबर देतं तो पॅन. दहा अक्षरांचा असतो. आधी पाच इंग्रजी अक्षरं, मग चार आकडे, शेवटी परत एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर महत्त्वाचं. माणसाच्या नावाचं पॅन असेल तर तिथं 'पी' असतो, कंपनी असेल तर 'सी', भागीदारीची फर्म असेल तर 'एफ'. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. या नंबराचा रेशनशी संबंध नाही, जातीशी नाही, जमिनीच्या मालकीशी नाही. पैसा कुठून आला आणि कुठं गेला याचा माग काढायला सरकारनं केलेली ती खूण आहे. आपण गुरांच्या कानाला काप देतो ना, तसंच.

त्यामुळे कुठं लागत नाही ते आधी पक्कं करून घ्या. वनहक्काच्या दाव्याला पॅन लागत नाही. २००८च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, तिच्यात मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती यांची नावं आहेत. पॅनचं नाव नाही, आणि पॅन नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. रोजगार हमीच्या जॉबकार्डाला लागत नाही. जातीच्या दाखल्याला लागत नाही. रेशनला लागत नाही. मोटारसायकल घ्यायला लागत नाही, कारण नियमात दोन चाकी गाडी वगळली आहे. "वनपट्ट्याच्या फायलीला पॅन जोडायचंय, पाचशे रुपये द्या," असं कोणी म्हणाला तर तो चोर आहे. त्याचं नाव संघटनेला कळवा.

आणि कुठं लागतं? १ जानेवारी २०१६पासून नवी यादी लागू झाली. एका दिवसात बँकेत किंवा पोस्टात पन्नास हजारांहून जास्त रोख भरली तर. पन्नास हजारांहून मोठी मुदतठेव ठेवली तर. वर्षाला पन्नास हजारांहून जास्त विम्याचा हप्ता भरला तर. चार चाकी गाडी, पिकअप, ट्रॅक्टर घेतला किंवा विकला तर. दहा लाखांहून जास्त किमतीची जमीन किंवा घर घेतलं-विकलं तर. दोन लाखांहून मोठी खरेदी-विक्री एकाच व्यवहारात केली तर. बेसिक सोडून दुसरं कुठलंही बँक खातं उघडायचं तर. यादीत आणखीही आहे, मोठ्या हॉटेलचं बिल, परदेशी प्रवास, शेअर वगैरे. ते आपल्या कामाचं नाही, शेठलोकांनी वाचावं. वरच्या सगळ्या ठिकाणी, ज्याच्याकडे पॅन नाही त्याला फॉर्म ६० देता येतो.

फॉर्म ६० भरताना एका रकान्याकडे लक्ष ठेवा. त्यात वर्षाचं अंदाजे उत्पन्न दोन भागांत विचारलंय. एक शेतीचं, दुसरं शेतीबाहेरचं. बायको-नवरा आणि लहान पोरांचं कायद्यानं जे तुमच्यात धरलं जातं तेही त्यात येतं. हा रकाना कोरा ठेवून अंगठा देऊ नका. कोऱ्या रकान्यात नंतर कोण काय लिहील याचा भरवसा नाही, आणि खोटं लिहिल्याची शिक्षा अंगठा देणाऱ्याला होते, लिहिणाऱ्याला नाही. २०१७ साली शेतीबाहेरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर फॉर्म ६० चालायचा. अडीच लाखांच्या वर गेलं तर पॅनसाठी अर्ज करावाच लागायचा. अडीच लाख म्हणजे महिन्याला वीस हजारांहून जास्त. आपल्या पाड्यावर इतकं कमावणारे बहुतेक मास्तर, ग्रामसेवक, नाहीतर कंपनीत कायम झालेला एखादा.

इथं एक गैरसमज काढून टाकू. "आदिवासीला इन्कमटॅक्स नाही" असं आपले पुढारीसुद्धा सभेत सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आयकर कायद्यात कलम १० (२६) आहे, त्यात अनुसूचित जमातीच्या माणसाचं उत्पन्न करमुक्त आहे. पण ते फक्त नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल, मिझोराम, आसाम-मेघालयातले डोंगरी जिल्हे आणि लडाख एवढ्याच ठिकाणी राहणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रातला वारली, कोकणा, कातकरी, भिल्ल, गोंड त्यात येत नाही. आपल्याला कर लागत नाही तो दोन कारणांनी. शेतीचं उत्पन्न सगळ्यांचंच करमुक्त आहे, मग तो बागायतदार का असेना. आणि बाकीचं उत्पन्न कर लागण्याइतकं होतच नाही. थोडक्यात, आपण गरीब आहोत म्हणून कर नाही. आदिवासी आहोत म्हणून नव्हे.

शेती कशाला म्हणायचं यातही एक गोम आहे. नाचणी, वरई, भात ही शेती झाली. पण रानात आपोआप आलेलं मोहाचं फूल, टेंभुर्णीचं पान, हिरडा हे कायद्याच्या नजरेत शेती नाही. सुप्रीम कोर्टानं १९५७च्या एका निकालात सांगितलंय, की जमिनीवर माणसानं मशागत केली, बी पेरलं, रोप लावलं तर ती शेती, आपोआप वाढलेलं रान ती शेती नाही. रान राखलं कुणी, वणवा विझवला कुणी, हे त्या निकालात मोजलेलं नाही. फॉर्म भरताना मोहाचे पैसे शेतीबाहेरच्या रकान्यात येतात एवढं ध्यानात ठेवा.

दुसरा गैरसमज उलटा. "पॅन काढलं की कर लागतो, पिवळं कार्ड जातं." नाही. पॅन हा नंबर आहे, उत्पन्न नाही. नंबर घेतल्यानं कोणी श्रीमंत होत नाही. कर बसायचा तर उत्पन्नावर बसतो, कार्डावर बसत नाही.

मग पॅन काढूच नये का? असं आम्ही म्हणत नाही. काही जणांनी ते काढलंच पाहिजे, आणि इथं जरा बारकाईनं ऐकावं लागेल, कारण पैसे जातायत ते इथं जातायत. फॉर्म ६० दिला की बँकेचं दार उघडतं. पण फॉर्म ६० कपात थांबवत नाही.

समजा, कुणाची जमीन रस्त्यात किंवा धरणात गेली आणि मोबदला आला. २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६मध्ये लिहिलंय, की या कायद्याखालच्या निवाड्याच्या पैशावर आयकर नाही. आयकर खात्यानंही २५ ऑक्टोबर २०१६ला परिपत्रक काढून ते मान्य केलंय. म्हणजे मोबदल्याच्या रकमेतून कर कापायला आला तर हे परिपत्रक पुढं करायचं, नंबर ३६/२०१६. मात्र पैसे कुठल्या कायद्याखाली येतायत ते नोटिशीवर बघा. खासगी वाटाघाटीनं जमीन दिली असेल तर कलम ९६चं संरक्षण तसंच्या तसं मिळत नाही. आणि सही करायच्या आधी बघा, नंतर बघून उपयोग नाही.

बरं, मोबदला पूर्ण हातात आला. दहा लाख धरा. संघटना सांगते उधळू नका, म्हणून त्यानं मुदतठेव ठेवली. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सत्तर हजार. मोबदल्यावर कर नाही, पण त्याच्या व्याजावर सूट नाही, ते नव्या उत्पन्नात धरतात. २०१७ साली एका बँकेत वर्षाला दहा हजारांहून जास्त व्याज झालं की बँक कर कापायची. पॅन दिलं असेल तर दहा टक्के, म्हणजे सात हजार. पॅन नसेल तर वीस टक्के, म्हणजे चौदा हजार. आणि पॅन देऊन वर १५-जी नावाचा फॉर्म भरून दिला, की माझं एकूण उत्पन्न कर लागण्याइतकं नाही, तर कपात शून्य. चौदा हजार आणि शून्य यांच्यामधे फक्त एक कार्ड आणि एक कागद आहे. पॅनशिवाय १५-जी दिला तर तो कायद्यानं बाद धरतात. हा फॉर्म दर वर्षी नव्यानं द्यावा लागतो, एप्रिल महिन्यातच देऊन टाका. एकदा कापलेले पैसे परत मागायचे तर विवरणपत्र भरावं लागतं, आणि तिथंही पहिला रकाना पॅनचाच.

आपल्या पोरांचंही तसंच. बोईसर, तारापूर, वापीच्या कारखान्यांत कंत्राटदाराकडे तीन-चार वर्षं काम केलं, मग काम सुटलं. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढायला गेला. नोकरी पाच वर्षांहून कमी आणि रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असेल तर कर कापतात. पॅन असेल तर दहा टक्के. २०१७ साली पॅन नसेल तर चौतीस टक्क्यांहून जास्त कापायचे. म्हणजे साठ हजारांतले वीस हजारांहून जास्त गेले. अंबानीला जो सर्वांत वरचा दर लागायचा तो आपल्या मजुराला, का तर त्याच्याकडे कार्ड नव्हतं. इथंही पॅन आणि १५-जी दिला तर काही कापत नाहीत. फंडाच्या कागदावर नाव एक आणि पॅनवर दुसरं असेल तर परत अडतं, म्हणून दोन्हीकडे एकच नाव ठेवा.

ज्यांनी कर्ज काढून पिकअप घेतलाय किंवा छोटं कंत्राट घेतायत त्यांचं बघा. कंपनीनं एका वेळी तीस हजारांहून जास्त, किंवा वर्षात मिळून लाखाहून जास्त पैसे दिले तर ती कर कापते. एकट्या माणसाला एक टक्का, लाखाला हजार. पॅन नसेल तर वीस टक्के, लाखाला वीस हजार. मालवाहतूक करणाऱ्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नसतील आणि त्यानं तसं लिहून पॅन दिलं, तर काहीच कापत नाहीत. मुकादमाला कंपनीकडून अशी कपात लागली की तो ती कुणाच्या मजुरीतून वसूल करतो, हे आम्ही सांगायला नको. मजुरांनी मुकादमाला विचारावं, तुझं पॅन आहे का? हा आता मजुरीचाच प्रश्न आहे.

तर मोबदला आलेले, फंडाचे पैसे येणारे, गाडीवाले, कंत्राटवाले, पगारदार, यांनी पॅन काढावं. घाई न करता, स्वतः. फॉर्मचं नाव ४९-ए. २०१७च्या सुरुवातीला फी १०७ रुपये होती. दोन फोटो लागतात आणि ओळखीचा, पत्त्याचा, जन्मतारखेचा पुरावा. २०१७च्या सुरुवातीला आधार किंवा मतदार ओळखपत्र तिन्हीला चालायचं. ज्याच्याकडे काहीच नाही, आणि कातकरी वाड्यांवर अशी माणसं आहेत, त्याला तेव्हा आमदार, खासदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र चालायचं. सरपंचाचा दाखला यात चालत नव्हता. मतं मागायला पाड्यावर येतात त्या आमदारांना हे काम सांगायला काही हरकत नाही.

भरताना चुका होतात त्या नावाच्या. फॉर्मवर आडनाव आधी. लग्न झालेल्या बाईनंही बापाचंच नाव लिहायचं, नवऱ्याचं नाही. आमच्याकडे आलेल्या कागदांत ही चूक जागोजाग दिसते. शाळेत एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरंच. लक्ष्याचा लक्ष्मण झाला, जान्याचा जानू. जन्मतारखेचं तर विचारूच नका, अर्धा पाडा १ जूनला जन्मलेला, कारण मास्तरनं शाळा उघडायच्या सुमाराला सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. त्यात आता बदल करत बसू नका. पण आधारवर आहे तेच पॅनवर येऊ द्या. आणि एका माणसाचं एकच पॅन. हरवलं तर त्याच नंबराची दुसरी प्रत मागायची, नवा नंबर नाही. दोन नंबर सापडले तर दहा हजार दंड आहे.

आता ज्या कारणासाठी हा अंक मुख्यतः लिहिला तिकडे येऊ.

पॅन काढून देतो म्हणून जो येतो तो कागद घेऊन जातो. कार्ड पोस्टानं येतं, पत्ता दुकानाचा टाकलेला असतो, कार्ड दुकानातच राहतं. काही शेठ, फार्महाऊसवाले आपल्या गड्याचं, ड्रायव्हरचं पॅन हौसेनं काढून देतात, फीसुद्धा स्वतः भरतात. या मायेमागं काय आहे ते नीट बघा.

आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. विक्रीला तर त्याआधी शासनाची मंजुरी लागते. जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६ आणि ३६-अ मध्ये हे आहे, आणि ते १९७४ साली सुधारून कडक केलं ते आपल्याच लोकांच्या लढ्यांमुळे. शेठला जमीन तर पाहिजे. मग तो काय करतो? पैसा त्याचा, नाव आपल्याच एका आदिवासी भावाचं. कागदावर आदिवासीनं आदिवासीची जमीन घेतली. दहा लाखांवर किंमत असेल तर पॅन किंवा फॉर्म ६० जोडावा लागतो, आणि फॉर्म ६०वर गड्याचं उत्पन्न लिहिलं तर उघडच प्रश्न येतो, की याच्याकडे इतका पैसा आला कुठून? म्हणून पॅन लागतं. कुंपण पडतं, फाटकाला कुलूप लागतं, आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे तो त्याच फाटकावर रखवालदार असतो.

याला बेनामी म्हणतात. १ नोव्हेंबर २०१६पासून सुधारलेला बेनामी कायदा लागू झालाय. त्यात अशी मालमत्ता सरकारजमा होते, आणि ज्यानं पैसा दिला त्याच्याबरोबर ज्यानं नाव दिलं त्यालाही एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या किमतीच्या पाव हिश्श्यापर्यंत दंड होऊ शकतो. शेठकडे वकील आहे. रखवालदाराकडे कोण आहे?

नोटबंदीत हेच छोट्या प्रमाणात झालं. जुन्या नोटा घेऊन लोक पाड्यांवर आले, तुझ्या जनधन खात्यात भर, हजार-दोन हजार तुला ठेव. १८ नोव्हेंबरला अर्थखात्यानं सांगितलं, की दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या खात्यात भरू देणाऱ्यावर कारवाई होईल. ३ डिसेंबरला पंतप्रधान मुरादाबादच्या सभेत म्हणाले, की तुमच्या जनधन खात्यात कोणी पैसे टाकले असतील तर परत देऊ नका. गरिबानं या दोन्हीतलं काय ऐकायचं? आम्ही सांगतो, पैसा घेऊच नका, नाव देऊच नका, नंबर देऊच नका. ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळात ज्या बचत खात्यांत मिळून अडीच लाख किंवा जास्त रोख भरली गेली, त्यांची माहिती बँकांनी आयकर खात्याला द्यायची होती. कुणाच्या खात्यात असं झालं असेल तर लपवू नका. भावकीत बोलायची लाज वाटत असेल तर संघटनेच्या ऑफिसात येऊन एकट्यानं सांगा. आत्ता सांगितलं तर काही करता येईल.

वनपट्ट्याबद्दल तर वेगळं सांगायची गरजही पडू नये. वनहक्क कायद्याच्या कलम ४ (४) प्रमाणे पट्टा वारसानं जातो, नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, आणि तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून पट्ट्याच्या जमिनीचा 'साठेकरार' करू म्हणून कोणी पॅन आणि फोटो मागितला, तर तो करार कागदाच्याही किमतीचा नाही. पण घेतलेला विसार तो व्याजासकट मागेल, आणि तेव्हा दळी कसायला शेठचा माणूस उभा राहील. पूर्वी सावकार अंगठा घ्यायचा. आता झेरॉक्स घेतो.

झेरॉक्स द्यावी लागलीच तर तिच्यावर आडवी रेघ मारून लिहा, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. मग ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं.

ग्रामसभांसाठी दोन शब्द. ज्यांना सामूहिक वनहक्क मिळालेत आणि ज्या उद्या बांबू, तेंदू, गवत विकणार आहेत त्यांच्यासाठी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २०११च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती मिळालं. तेव्हापासून रानाचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ शकतो हे सगळ्यांनी पाहिलं. तो पैसा येताना ग्रामसभेचं स्वतःचं पॅन असावं. अध्यक्षाचं नको, सचिवाचं नको, 'सध्या माझंच वापरू' तर अजिबात नको. सोपी परीक्षा वर सांगितलीच आहे, चौथं अक्षर बघा. ग्रामसभेच्या कागदावर जोडलेल्या नंबरात तिथं 'पी' असेल तर तो माणसाचा नंबर आहे, आणि सगळ्या गावाचा पैसा सरकारच्या दप्तरी त्या एका माणसाची कमाई म्हणून लिहिला जाईल. माणूस प्रामाणिक असला तरी नोटीस त्यालाच येईल. नसला तर काय होईल ते बोलायला नको. नंबर घेण्याचा ठराव ग्रामसभेत करा, कार्ड दप्तरात ठेवा, आणि नंबर चावडीच्या भिंतीवर लिहा.

आमच्या मागण्या अशा. प्रत्येक बँक शाखेत फॉर्म ६० मराठीत, फुकट आणि समोर दिसेल असा ठेवावा. बेसिक खात्यांना हा नियम लागू नाही, असा फलक दारावर लावावा. ज्या दारावर 'पॅन आणा' चिकटवलंय त्याच दारावर. स्थलांतरित मजुरांसाठी तारीख शिमग्यानंतरची द्यावी. आणि रोजगार हमीची मजुरी कुठल्याही कागदासाठी एक दिवसही अडवू नये. या मागण्यांचं निवेदन तहसीलदार आणि तालुक्यातल्या बँक शाखांना द्यायचं आहे. ज्यांची मजुरी अडली त्यांनी पासबुक घेऊन सोबत यावं. नुसतं सांगून साहेब ऐकत नाही, पासबुक दाखवलं की खुर्चीत जरा सरळ बसतो.

फॉर्म ६०च्या प्रती ऑफिसात काढून ठेवल्या आहेत. दर बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून दोन कार्यकर्ते भरून द्यायला बसतील. येताना आधार आणि पासबुक आणा, पैसे आणू नका. भट्टीवर गेलेल्यांच्या घरच्यांनी त्यांच्या बँकेचं आणि शाखेचं नाव तेवढं कळवावं. भट्ट्यांवर फेरी काढू तेव्हा फॉर्म बरोबर घेऊन जाऊ.